जिंकलेला अंदाज माझा नाही

रेसकोर्सवर तिला सगळे नाहीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. कुणी काहीही विचारलं तरी तिच्या तोंडून पहिला शब्द 'नाही' असाच निघे. मग त्या 'नाही'मागचं कारण ऐकता ऐकता विचारणाऱ्याचा चहा गार होई. "बाई, चहा घेणार?" असं विचारलं तरी "नाही, म्हणजे घेईन, पण साखर माझी मी घालीन," असं उत्तर ठरलेलं.

हा स्वभाव तिला वडिलांकडून आला की वडिलांना विरोध करता करता आला, यावर घरात दोन मतं होती. वडील नालबंद होते. तबेल्यांच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आणि खोल्यांना लागूनच भट्टी. तापलेला नाल खुराला टेकवला की जळलेल्या केसांसारखा वास उठे. तो वास तिच्या वेण्यांना, दप्तराला कायम चिकटलेला असे आणि वर्गात तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसायला मागत नसे. खिडकीतून सकाळच्या सरावाची रेतीची धावपट्टी दिसे. अक्षरं कळायच्या आधी तिला घोडे कळले. कोणता घोडा उजवा पाय आधी टाकतो, कोणता शेजारी कुणी आलं की कान मागे पाडतो, हे ती दूध पिता पिता सांगे.

मोठी झाल्यावर ती सकाळच्या सरावाला घोडे पळवू लागली. पळवायची इतकी छान, की ट्रेनर आपापले अवघड घोडे तिच्याकडे देत. मग तिने जॉकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. क्लबच्या सेक्रेटरींनी तिला समोर बसवून मोठ्या मायेने सांगितलं, "अगं, आमच्याकडे मुलींना कपडे बदलायला खोलीच नाही."

"मी घरूनच घालून येते की. घर भिंतीपलीकडेच आहे."

सेक्रेटरी हसले. परवाना काही मिळाला नाही. पुढची दोन वर्षं ती दर मोसमाला अर्ज करत राहिली. शेवटी एका बुजलेल्या घोड्याने तिला कठड्यावर फेकलं, कंबरेचं हाड मोडलं आणि तो प्रश्न मिटला. म्हणजे क्लबच्या दृष्टीने मिटला. ती अजूनही म्हणे, "अर्ज मी मागे घेतलेला नाही."

खोगीर सुटल्यावर ती रेसचं साप्ताहिक छापणाऱ्या कचेरीत मुद्रितं तपासायला लागली. तिथे अंदाजाचा रकाना लिहिणारे गृहस्थ जागेवरच बसून मागच्या निकालांवरून पहिला-दुसरा-तिसरा ठरवत. ते निवृत्त झाले तेव्हा संपादकांनी तात्पुरता म्हणून रकाना तिच्याकडे दिला, आणि तो तिच्याकडेच राहिला. कारण ती लिहायची ते वेगळंच होतं. कोणता घोडा चांगला, याच्या भानगडीत ती आधी पडतच नसे. शर्यत पळेल कशी, हे ती आधी लिही. पुढे कोण जाणार? त्याला पुढे एकट्याला जाऊ देणार, की कुणी त्याच्या कानाशी लागणार? सुरुवातीची चाल तापेल की रमतगमत राहील? हे एकदा कळलं की घोडे आपोआप आपापल्या जागी बसतात, असं तिचं म्हणणं.

"पुढे एकटा असलेला घोडा म्हणजे सासरे गावाला गेल्यावरचा जावई," ती लिही. "कितीही वेळ तोऱ्यात राहील. पण त्याच्या शेजारी दुसरा तसाच आणून उभा करा. मग दोघं एकमेकांना दाखवण्यातच दम घालवतील, आणि शेवटच्या सरळ रस्त्याला लागल्यावर दोघांचेही पाय शिशाचे होतील. अशा वेळी बघायचं ते मागे कोण झोप काढतंय ते." हे ती घोड्याच्या पाठीवर बसून शिकली होती. शेजारच्या घोड्याचा श्वास ऐकू आला की आपल्या मांडीखालचा घोडा कसा पेटतो आणि पेटला की कसा विझतो, ते तिच्या हाडांना ठाऊक होतं.

वडिलांच्या पश्चात भट्टी दादाने चालवली. नाहीबाई त्याच्याकडेच राही. वहिनी शिवणकाम करी, आणि तिच्या बटणांच्या डब्यावर नणंदेचा कायमचा डोळा. मोठ्या शर्यतीच्या आधी नाहीबाई टेबलावर बटणं मांडून शर्यत पळवून बघायची.

मोसमातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या आठवड्यातही टेबलावर असाच बाजार मांडला होता.

"वन्सं, ते काळं बटण मला कोटाला लावायचंय," वहिनी म्हणाली.

"नाही, थांबा. तो वज्रघोष आहे. शर्यत होईपर्यंत गिऱ्हाइकाला उघड्या कोटाने फिरू दे."

वज्रघोष हा त्या मोसमाचा लाडका. लागोपाठ जिंकत आलेला, सुटला की थेट पुढे जाणारा. तो एका बांधकामवाल्या शेठचा होता, आणि साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर दर अंकाला ज्या उंच इमारतींची जाहिरात यायची त्या इमारतीही शेठच्याच. सगळं गाव त्याच्यावर पैसे लावून बसलं होतं.

नाहीबाईने काळ्या बटणाशेजारी एक तांबडं बटण सरकवलं. "ही ठिणगी. हिला पुढे जाण्याखेरीज दुसरं काही येत नाही. आजवर वज्रघोष ज्या ज्या शर्यतीत पळाला, तिथे पुढे तो एकटा होता. आता ही त्याच्या कानाशी लागणार. दोघं भांडणार, आणि तिसऱ्याचा लाभ होणार." मग तिने मागून एक पांढरं बटण हळूहळू पुढे आणलं. "हा निवांत. अर्धी शर्यत झाली तरी याला कळत नाही आपण कुठे आलोय. पण शेवटी येतो तो पुरासारखा."

"आणि ठिणगी नाही गेली पुढे तर?" भट्टीवरून हात पुसत आलेल्या दादाने विचारलं.

"तिला मी सकाळी रोज बघते. तिला धरून ठेवलं तर ती जॉकीशी भांडेल, पण मागे राहणार नाही."

तिने तसंच लिहिलं. वज्रघोष पहिल्या तिघांतही नसेल, हेही लिहिलं.

संपादकांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. लग्नाला आलेल्या पोरीच्या बापासारखा सदा कुणाची तरी मर्जी सांभाळत असे, इतकंच. त्यांनी कागद दोन बोटांत धरला होता.

"बाई, निवांतचं लिहा, हरकत नाही. पण वज्रघोष तिघांतही नाही, हे जरा... मऊ करा ना."

"नाही. मऊ म्हणजे कसं?"

"म्हणजे 'वज्रघोषाला कडवी लढत मिळेल' वगैरे. शेठ वाचतात हो अंक."

"शेठना वाचता येतं हे चांगलंच आहे. घोड्याला येत नाही, म्हणून घोड्याचं मला लिहावं लागतं."

"तुमचं जर चुकलं तर?"

"तर पुढच्या अंकात लिहीन की चुकलं. आजवर लिहीत आलेय. तुम्ही माझी चूक छापा, माझं खरं छापा, पण दुसऱ्याचं काही माझ्या नावावर छापू नका."

संपादकांनी कागद खाली ठेवला. "बरं, बघतो," म्हणाले.

त्या 'बघतो'ला तिने तिथल्या तिथे हटकायला हवं होतं. पण तिचा समज झाला की आपण जिंकलो.

शर्यतीच्या सकाळी दादाकडे ऐनवेळी नाल निखळलेला एक घोडा आला, आणि तोही लाथा झाडणारा. नाहीबाईने त्याचं तोंड धरलं, दादाने पाय. त्या गडबडीत अंक चाळायचा राहिला. तसंही स्वतःचं छापलेलं ती वाचत नसे, कारण मुद्रितं तपासून डोळे विटले होते. दुपारी ती रेसकोर्सवर पोचली, तर लोक नेहमीपेक्षा जास्त हसून बघत होते. "बाई, आज आम्ही तुमच्याच शब्दावर!" तिकीटखिडकीवरचा एक जण ओरडला. तिला बरं वाटलं. म्हणजे निवांतवर पैसे लावणारे निघाले तर!

ती नेहमीच्या जागी, पहिल्या वळणाजवळच्या कठड्याला टेकून उभी राहिली. शर्यत विनिंग पोस्टपाशी कळते असं लोकांना वाटतं. तिच्या मते ती इथेच कळे.

फाटकं उघडली. वज्रघोष तीरासारखा सुटला, आणि त्याच्या आतल्या बाजूने ठिणगीही. नाहीबाईने मूठ आवळली. आणि मग तिला जे दिसलं त्यावर तिचा विश्वास बसेना. ठिणगीचा जॉकी रिकिबीत जवळजवळ उभा राहिला होता. दोन्ही हातांनी लगाम पोटाशी ओढून तो तिला मागे खेचत होता. घोडी मान वर फेकत होती, तोंड वेडंवाकडं करत होती, आडवी जात होती. तिच्यापुढे एक घोडा गेला, मग दुसरा, तिसरा.

"अरे सोड तिला! सोड!" नाहीबाई कठड्यावर हात आपटत ओरडली.

पुढे वज्रघोष एकटा. मागे वळून बघायची गरज नाही, कानाशी कुणाचा श्वास नाही. त्याच्या जॉकीने चाल आरामात कमी केली. सगळी झुंड त्याच्या मागे देवळाच्या रांगेत चालावी तशी चालली. सरळ रस्त्याला लागेपर्यंत त्याचा दम खर्चच झाला नव्हता. निवांत शेवटी आला, पुरासारखाच आला, पण पुढचा घोडा दमलेला नसेल तर पूर काय करणार? तो दुसरा आला. वज्रघोष टाळ्यांच्या कडकडाटात पहिला आला. लगामाशी झगडून घामाने पांढरी झालेली ठिणगी शेवटून पहिली आली.

चारी बाजूंनी लोक नाहीबाईवर धावून आले. कुणी हात हातात घेतला, कुणी पाठ थोपटली. "काय अंदाज! अगदी शब्दन् शब्द!" तिला काही उमगेना. तेवढ्यात गर्दी फाडत ठिणगीचा ट्रेनर आला. सगळ्यांना हुकूम सोडायच्या सवयीमुळे त्याला कॅप्टन म्हणत. त्याच्या मुठीत अंकाची गुंडाळी होती आणि चेहरा लाल झाला होता.

"बाई, घोडीचं तोंड फाटलंय. रक्त येतंय. तुमचं नाव बघून ऐकलं मी. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं!"

"काय ऐकलंत?"

त्याने अंक तिच्या छातीवरच धरला. तिने वाचलं. वरचा अर्धा मजकूर तिचाच होता, सासरे आणि जावई सगळे जागेवर. खाली मात्र लिहिलं होतं: 'ठिणगीने वज्रघोषाच्या अंगावर जाण्याचा प्रयत्न केला, तर अर्ध्या वाटेतच तिची राख होईल. तिला आवरून मागे ठेवण्यातच शहाणपण आहे. वज्रघोष एकटा पुढे जाईल आणि एकटाच पोहोचेल.' खाली तिचं नाव.

तिने ते दोनदा वाचलं. मग तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. हा नुसता खोटा अंदाज नव्हता. ज्याने खोटं लिहिलं त्याच्या ध्यानीमनी नसेल, पण लिहिल्यामुळेच ते खरं झालं होतं. कॅप्टनने तिच्या नावावर भरवसा ठेवून घोडी आवरली, आणि घोडी आवरली म्हणून वज्रघोष एकटा पळाला.

"कॅप्टन, हे मी लिहिलेलं नाही."

"आता असं म्हणता?"

"आता म्हणजे? मला आता कळलं, म्हणून आता म्हणते. मी लिहिलं होतं की ठिणगी पुढे जाणार आणि वज्रघोषाला मोडणार."

कॅप्टन तिच्याकडे बघतच राहिला. तोवर शेठची माणसं आली. बाईंना बक्षीस समारंभाला बोलावलंय म्हणाली. लाल गालिच्यावर चषकाशेजारी शेठ उभे होते, त्यांच्या खांद्यामागे संपादक. तिला बघून संपादकांचे डोळे जमिनीकडे गेले. मग ते पुढे झाले आणि कानाशी पुटपुटले, "बाई, झालं ते चांगलंच झालं ना? बरोबर ठरलात तुम्ही. आयुष्यभर पुरेल असं नाव झालं. गप्प राहा, हात जोडून विनंती आहे."

शेठनी ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. "ज्यांनी माझ्या घोड्याची चाल आधीच ओळखली, त्यांनी दोन शब्द बोलावेत!"

नाहीबाईने समोर पाहिलं. एवढी माणसं तिच्यासाठी टाळ्या वाजवत उभी होती. आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. गोड लागलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

"मी या अंकात लिहिलं होतं की वज्रघोष पहिल्या तिघांतही येणार नाही," ती म्हणाली. टाळ्या तुटक झाल्या. "छापताना कुणीतरी ते बदललं आणि खाली माझं नाव तसंच ठेवलं. आज जो अंदाज खरा ठरला, तो माझा नाही. माझा चुकला. पण चुकला तरी माझा तोच. कॅप्टननी माझ्या नावावर विश्वास ठेवून घोडी मागे ओढली. तिचं तोंड फाटलं. ज्यांनी बदललं त्यांनी तबेल्यात जाऊन ते एकदा बघावं. आणि ज्यांनी माझ्या शब्दावर पैसे मिळवले त्यांना एवढंच सांगते, तो शब्द माझा नव्हता. माझे आभार मानू नका."

कुणीतरी मोठ्याने हसलं. "अरे, ही जिंकायलासुद्धा नाही म्हणते!" मग हसण्याची लाटच उठली. शेठचं हसू मात्र तोंडावर वाळून गेलं. तिने ध्वनिक्षेपक संपादकांच्या हातात दिला, गालिच्यावरून उतरली आणि थेट ठिणगीच्या तबेल्यात गेली. घोडी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. नाहीबाई तिच्या गळ्याला हात लावून उभी राहिली.

घरी वहिनी कपाळाला हात लावून बसली. "वन्सं, उभ्या जन्मात कुणी आपल्याला गालिच्यावर बोलावलं नाही. बोलावलं, तर तुम्ही तिथे जाऊन चूल विझवून आलात!"

"चूल माझी होती का ती?"

"आता पगार जाणार, तो तरी तुमचा होता ना?"

दादाने तिचं ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं.

पगार गेलाच. संपादकांनी निरोप धाडला की जाहीर माफी मागितली तर विचार करू. तिने उलट निरोप धाडला की माफी कोणी मागायची ते ठरवायला हवं तर मी येते. पुढचे महिने ती वहिनीच्या शिवणाला काजं करून देई आणि दादाकडे आलेल्या घोड्यांची तोंडं धरी. रेसकोर्सवर जायचं मात्र तिने सोडलं नाही. लोक टोमणे मारत, "बाई, आज कोण नाही जिंकणार?" ती थांबून, कठड्याला टेकून, खरोखरच सांगे की कोण जिंकणार नाही आणि का. टोमणा मारणारा ऐकत उभा राही. मग त्याच्या मागचा उभा राही.

एक दिवस कॅप्टन आला. "माझ्याकडे या. सकाळी घोडे बघा, आणि शर्यतीआधी मला सांगा पुढे कोण जाणार ते."

"येईन. पण तुम्हाला सांगेन तेच, कठड्यापाशी कुणीही विचारलं तर त्यालाही सांगेन."

"मग मला काय उपयोग?"

"आपल्या घोड्याची चाल खरी कळेल, हा. बाकीच्यांना कळली तरी ती खरीच राहते."

कॅप्टनने डोकं खाजवलं, कुरकुरला, आणि कबूल झाला.

पुढच्या मोसमाच्या तोंडावर संपादक स्वतः भट्टीवर आले. रकाना आता एक तरुण पदवीधर लिहीत होता. बरा लिहायचा, पण अंक घेणारे घटले होते. संपादक निखाऱ्यांपासून लांब, रुमालाने नाक धरून उभे राहिले. "बाई, परत या. एक अक्षर बदलणार नाही."

"येते. आधी झालं ते छापा. त्याच जागी, त्याच टायपात."

"इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय एवढं?"

"जुनी आहे ना? मग छापायला लाज कमी वाटेल."

ते हसले, चहा प्यायले, पुन्हा येतो म्हणाले, आणि आले नाहीत. अंकात त्या गोष्टीबद्दल एक ओळही कधी छापून आली नाही. नाहीबाईही त्या कचेरीची पायरी पुन्हा चढली नाही.

त्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीला वज्रघोष आणि ठिणगी पुन्हा समोरासमोर आले. निवांत पायाच्या दुखण्याने बसून होता. कॅप्टनने सगळ्यांसमोर विचारलं, "या वेळी काय करू?"

"सोडा तिला. ती जिंकणार नाही. पण तिच्या स्वभावाने पळेल, आणि वज्रघोषही जिंकणार नाही." मग मागून येणारे म्हणून तिने दोन घोडे सांगितले.

कॅप्टनने सोडलं. पहिल्या वळणावर दोघं मानेला मान लावून गेले, आणि नाहीबाईच्या घशातून असा काही आवाज निघाला की शेजारच्याने दचकून पाहिलं. चाल तापली, तापतच गेली. सरळ रस्त्यावर आधी ठिणगी विझली, मग दहा ढांगांत वज्रघोष. लोकांच्या तोंडून एकच 'अरेरे' निघालं. पण जो घोडा आतल्या कठड्याला घासून पुढे निघाला आणि जिंकला, तो नाहीबाईने सांगितलेल्या दोघांपैकी नव्हता. तो तिच्या गणतीतच नव्हता.

"काय बाई, बरोबर की चूक?" चारीकडून ओरडा झाला.

"अर्धं बरोबर," ती म्हणाली. "अर्धं साफ चुकलं. आणि का चुकलं ते मला कळलंच पाहिजे."

गर्दीतून कोपरं मारत ती पलीकडे गेली. जिंकलेला जॉकी खोगीर हातात घेऊन शर्यतीनंतरचं वजन द्यायला काट्याकडे निघाला होता, तोंडभर चिखल.

"वळणावर तुला आतली जागा दिसली कधी?" तिने त्याला गाठून विचारलं.

"बाई, आधी वजन देऊन येतो."

"जा, मी दाराशी थांबते. पण विसरायच्या आत सांग. आधी घोड्याने पाहिली की तू?"